जाणाऱ्याची आवराआवर

"फोल्डर रिकामं आहे," तो माणूस फोनवर म्हणाला, आणि इतक्या नरमाईने म्हणाला की तिला आधी वाटलं, हा तक्रार करत नाहीये, नुसतं कळवतोय. "माझंच काहीतरी चुकलं असणार. काल निघण्याआधी अपग्रेड केलं. सगळं व्यवस्थित झालं असं पडद्यावर आलंसुद्धा. आज सकाळी उघडून बघतो तर आतले आवाज नाहीत." ती ऑफिसच्या जिन्यात उभी होती. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरात आली होती, मागून येणारी माणसं तिला वळसा घालून वर जात होती, आणि तिचं लक्ष उगीचच भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे लागलं होतं. त्यातलं एक बटण कुणीतरी चिकटपट्टी लावून कायमचं बंद करून ठेवलं होतं. "माझा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?" तिने विचारलं. ही काही विचारायची वेळ नव्हती, पण तोंडातून तेच आलं. "पॅकेजमध्येच होता की," तो म्हणाला. "बांधणाऱ्याचं नाव आणि नंबर असतो ना आत." असतो खरा. दर वेळी तीच तो घालते, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता घालावा तसा, आणि इतक्या वर्षांत त्या नंबरावर एकाही माणसाने फोन केला नव्हता. तो एका लहानशा रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळणारा होता. एकटाच. "बाकीच्यांचं निभावेल," तो सांगत होता. "त्यांची ऑपरेशनं अजून व्हायचीयत, त्यांना बोलावून परत रेकॉर्ड करता येईल. एक बाई आहेत फक्त. त्यांचं झालंय." काय झालंय, असं तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला ते कळलं. "ऑपरेशन," तो म्हणाला. "त्यांना आता बोलता येत नाही. पुढेही यायचं नाही. शाळेत शिकवायच्या त्या."

तिची कंपनी आवाज ठेवायचा सर्व्हर बनवत असे. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार आहे अशी माणसं आधी येऊन बसतात, एका बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बोलतात, आणि ते बोलणं रुग्णालयाच्या मशीनवर साठवलं जातं. पुढे एक छोटं यंत्र त्यांच्या हातात येतं, त्यावर बोट ठेवलं की त्यांच्याच आवाजात शब्द बाहेर पडतात. हे सगळं लिहिणारी पोरं वरच्या मजल्यावर बसत. हुशार पोरं, दिवसाचे बारा तास कानात काहीतरी घालून बसणारी. त्यांनी लिहिलेलं खाली तिच्याकडे येई, आणि ती ते बांधून देई. कारण रुग्णालयारुग्णालयात मशीन वेगळं, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. एका सिस्टिमला जे दार उघडतं ते दुसरीला भिंत असते. प्रत्येकीच्या तऱ्हा सांभाळून एकाच सामानाची वेगवेगळी गाठोडी करायची, कुठे काय ठेवायचं, आल्याबरोबर काय करायचं, जाताना काय करायचं, ते चिठ्ठीवर लिहून आत घालायचं, हे तिचं काम. वरची पोरं तिला बोचकेताई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिलाही ते आवडत असे, निदान आवडायला हरकत नाही असं तिने कधीतरी ठरवून टाकलं होतं. "बोचकेताई, आजच्या आज बांधून मिळेल का?" "लग्नाचं बोचकं आहे का रे, की मुहूर्त टळणार आहे?" असं चालायचं. या कामाचं कौतुक असं कुणी करत नाही. नीट झालं तर ते झालंय हेच कुणाला कळत नाही, आणि बिघडलं तर लोक लिहिणाऱ्याला शिव्या घालतात. इतकी वर्षं तिला यात एक प्रकारची निश्चिंती वाटत आली होती. आज जिन्यात उभं राहून तिला पहिल्यांदा वाटलं की आपला नंबर आत घालायला नको होता, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली.

जागेवर बसल्याबरोबर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या सिस्टिमसाठीचं नवं पॅकेज उतरवून घेण्याची वाट बंद केली. मग जुनं उघडलं. नवं नव्हे, जुनं. का कुणास ठाऊक, हात आपण होऊन तिकडे गेला. चूक नव्यात नसणार, हे तिला आतून माहीत होतं, पायरीवरून पाय घसरायच्या आधी क्षणभर माहीत असतं तसं. आणि ती तिथेच होती, गेल्या वेळच्या पॅकेजमध्ये, जाताना वाचायच्या चिठ्ठीत, एका ओळीत. ती ओळ तिने चांगल्या मनाने घातली होती, हे त्यातलं वाईट. एखाद्या रुग्णालयाने हा सर्व्हर कायमचा काढून टाकला तर लोकांचे आवाज त्या मशीनवर बेवारशासारखे पडून राहू नयेत, कुणी उपटसुंभाने ते ऐकू नयेत, म्हणून जाताना सगळं पुसून जायचं, असं तिने लिहून ठेवलं होतं. बहुतेक सिस्टिममध्ये हे ठीक चालतं. तिथे अपग्रेड म्हणजे जुनं आधी निघतं, मग नवं येतं, आणि निघणाऱ्याला स्पष्ट सांगितलेलं असतं की तू कायमचा चाललास की तुझ्या जागी कुणी येतंय. पण सिस्टिमच्या एका घराण्याची रीत उलटी आहे. तिथे नवं आधी घरात येतं, सामान लावतं, दिवा लावतं, आणि मग जुनं निघतं. निघताना त्याच्या हातात नुसता एक आकडा देतात, मागे कुणी आहे की नाही एवढं सांगणारा, आणि तो बघायचा की नाही हे चिठ्ठी लिहिणाऱ्यावर असतं. तिने तो बघायला सांगितलंच नव्हतं. एका घराण्याची ओळ उचलून दुसऱ्यात ठेवताना तो प्रश्न मागे राहिला होता. म्हणजे ती चूक गेल्या वेळेपासून त्या मशीनवर मुकाट बसून होती, कुणाला काही न करता, नवं दारात येण्याची वाट बघत. नवं आलं, आणि जुन्याने जाता जाता घर धुऊन काढलं. तिने ते तपासलं नव्हतं असंही नाही. तिच्या चाचणीच्या मशीनवर अपग्रेड सुरळीत झालं होतं. पण तिथलं फोल्डर रिकामंच होतं. रिकाम्यातून काही गेलं तर ते दिसणार कसं?

तिला आपल्या आईची आठवण झाली, आणि ती झाली याचा तिला रागच आला, कारण ही काही आईला आठवायची जागा नव्हती. पण आई तशी सांगून कधीच येत नसे. आई निघाली तेव्हा ती चौथीत होती. आईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, बाबांचं आणि आईचं फाटलं त्याला बरेच दिवस झाले होते, आणि तू मागून ये असं ठरलं होतं. ते मागून जाणं पुढे राहूनच गेलं. आईची तिकडची खोली वेळेवर मिळाली नाही. त्यामुळे झालं असं की मावशी आधी आली आणि आई नंतर गेली. मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. आई म्हणता येईना, नावाने हाक मारणं बरं दिसेना, म्हणून मावशी. मधले काही दिवस दोघी एका घरात होत्या. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं असं तिला मोठेपणी वाटे. पण दोघीही नको इतक्या चांगल्या वागत होत्या, एकमेकींना आधी तुम्ही घ्या, आधी तुम्ही घ्या करत होत्या, आणि ती पोर मधल्या खोलीत बसून पाढे लिहीत होती. निघायच्या दिवशी आईने घर आवरायला काढलं. मागे पसारा ठेवून जायचं नाही मला, एवढंच ती म्हणाली. कपाटं रिकामी केली, फोटो काढले, दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या त्या ओल्या फडक्याने पुसल्या. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती तीही जुन्या सामानाबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली. ती ट्रंक मावशीची होती. आईने ते जाणूनबुजून केलं असं तिला कधीही वाटलं नाही, आजही वाटत नव्हतं. या घरात जे आहे ते आपलं, आणि आपण जातोय तर ते जावं, इतका साधा तिचा हिशोब होता. हात लावण्याआधी विचारायचं असतं, माझ्यामागे इथे कुणी आहे का म्हणून, ते राहून गेलं होतं.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. तिच्यापेक्षा वयाने लहान होते आणि एकांतात तिला ताई म्हणत. "दुसरीकडे कुठे झालंय?" त्यांनी विचारलं. कुठेच नाही, ती म्हणाली, त्या सिस्टिमवर नवं अजून कुणी घेतलं नव्हतं, आणि तिने ते थांबवलंय. "मग नवीन बांधा. नवं आत शिरल्या शिरल्या सगळे आवाज बाजूला काढून ठेवेल, जुन्याच्या हाताला लागणारच नाहीत, असं करता येईल ना?" येईल, ती म्हणाली. "बॅकअप?" रोज रात्री दुसऱ्या मशीनवर नक्कल जाते, पण ती अशी लावलेली आहे की इकडे जे नाही ते तिकडेही ठेवायचं नाही. साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी आपली टूंटूं करत होती. "अपग्रेडच्या आधी वेगळी प्रत काढून ठेवा, असं आपण पहिल्याच पानावर लिहिलंय," ते म्हणाले. "लिहिलंय," ती म्हणाली. "तो माणूस स्वतःच म्हणतोय की त्याचं चुकलं." "म्हणतोय." "मग ताई, तुम्ही आता यात पडू नका. मी वरच्यांशी बोलतो, वकिलाला विचारतो, रीतसर काय ते कळवू. तुम्ही त्या बाईंकडे वगैरे जायच्या भानगडीत पडू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे." तिने मान हलवली. ती हो म्हणायची मान होती की नुसती ऐकल्याची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एका परीने त्यांचं बरोबर होतं. पण एखादी गोष्ट रीतसर कळवायची म्हटलं की ती कळवायला किती दिवस लागतात हेही तिला माहीत होतं. आणि तोवर ती बाई यंत्राची वाट बघत बसणार. आज येईल, उद्या येईल.

तिने नवीन पॅकेज बांधलं. काम नेहमीपेक्षा स्वच्छ झालं. या खेपेला तिने चाचणीच्या फोल्डरमध्ये आवाज भरले, स्वतःचेच, एक दोन तीन म्हटलेले, आणि जुनं लावलं, त्यावर नवं लावलं, आणि आपलं एक दोन तीन जिवंत आहे ना ते पाहिलं. मग त्या माणसाला फोन केला. "तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "माझी चूक आहे. गेल्या वेळच्या पॅकेजमध्ये होती. तुम्ही अपग्रेड आज केलं असतं, महिन्याने केलं असतं, तरी हेच झालं असतं." मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या." आणि नाक ओढल्याचा आवाज आला. तिला त्याचं वय काय असेल, असा प्रश्न पडला. त्याने घाबरून दुपारपर्यंत सगळं दोनदा काढून परत लावलं होतं, त्यामुळे डिस्कवर पुसलेल्याच्या जागी नवं लिहिलं गेलं होतं. खणून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. एखादा तिच्या जागी म्हणाला असता, हे तरी तुमचं चुकलं. ती म्हणाली नाही. बोलता बोलता तिला एक गोष्ट आठवली, आणि ती तिने उभ्या उभ्या सांगितली, कारण बसली असती तर सांगायचा धीर झाला नसता. कुठलंही नवं पॅकेज आत आल्यावर, जुनं निघायच्या आधी, आवाज नीट वाजतात की नाही हे पाहायला त्यातली सगळ्यात लहान फाईलची नक्कल एका तात्पुरत्या फोल्डरात नेतं, तिथे वाजवून बघतं, आणि तिथेच विसरतं. ती आवराआवर लिहायची तिच्याकडून राहून गेली होती. वरच्या पोरांनी त्यावरून तिला एकदा टोमणाही मारला होता, बोचकेताई, उष्टं तसंच टाकून जाता तुम्ही. त्या माणसाने शोधलं. सापडलं. फाईलच्या नावावरून ती त्या बाईंचीच होती. काही क्षणांची, एवढीशी. त्याने ती पाठवली. तिने ती ऐकली नाही. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते ती तेवढी बघितली, मध्ये एक उंचवटा, मग एक बारका, मग सपाट. आत काहीतरी आहे एवढं कळलं. ज्याचा आवाज आहे त्याच्या आधी आपण तो ऐकावा, हे तिला कसंसंच वाटलं.

त्या माणसाकडून घेतलेल्या पत्त्यावर, त्या बाईंच्या घरी, जायच्या वाटेवरच तिचं घर होतं, निदान तिने स्वतःला तसं पटवलं. मावशी बाल्कनीतले वाळलेले कपडे आत आणून घड्या घालत होती. आता ती थकली होती, बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि या दोघींचं एकमेकींशी कुठलंच रक्ताचं नातं नसताना त्या एका घरात राहत होत्या, भांडत होत्या, एकमेकींची औषधं आठवत होत्या. "आज लवकर?" मावशी म्हणाली. "बरं नाही का? तोंड बघ कसं झालंय, पिळून काढल्यासारखं." ती पलंगावर बसली आणि एक चादर ओढून घडी घालू लागली. आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं तिने विचारलं, जणू बाजारातून काय आणू असं विचारावं तसं. "मावशी, तुझी ती ट्रंक आईने देऊन टाकली होती ना, त्यात काय होतं गं?" मावशीचे हात थांबले नाहीत. "कपडे होते, काय असणार. एक विणलेला फ्रॉक होता, तुझ्यासाठी. तुला बघितलेलं नव्हतं तेव्हा, अंदाजाने केला होता. तुला झाला नसताच. तू हीऽ एवढी हाडकुळी निघालीस." ती हसली, आणि मग उशीचा अभ्रा हातात धरून तशीच बसली. "तुझ्या आईचा मला राग नाही आला, खरं सांगते. तिला काय स्वप्न पडलं होतं का माझी ट्रंक कुठली ते? वाईट कशाचं वाटलं सांगू? तुझ्या बाबांना माहीत होतं. त्याच संध्याकाळी माहीत होतं. आणि मी विचारलं की म्हणायचे, असेल इथेच, सापडेल. मी खुळ्यासारखी शोधतेय. माळ्यावर चढले, शेजाऱ्यांना विचारलं. कितीतरी दिवस. गेली म्हणून सांगितलं असतं तर एकदा रडले असते नि मोकळी झाले असते." तिने अभ्र्याची घडी घातली आणि वर हात फिरवला. "पण आज कशी काय आठवली तुला ती?" सहज, ती म्हणाली. मावशीने तिच्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. न विचारण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोड्या वेळाने ती चादर बाजूला ठेवून उठली, चपला घातल्या, आणि दारातून म्हणाली, "मला यायला उशीर होईल. जेवून घे." तिला आत्ता रडावंसं वाटत होतं आणि ते कुणासाठी हे नक्की कळत नव्हतं.

बाईंच्या मुलीने दार उघडलं. पस्तिशीची असेल, ओढणी खोचलेली, केस वर बांधलेले. "रुग्णालयातून ना? त्यांचा फोन आला होता, कुणीतरी येणार आहे म्हणून," ती म्हणाली आणि आईकडे वळून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आई, यंत्राच्या बाई आल्यात." ऑपरेशन गळ्याचं झालं होतं, कानांचं नव्हे, पण घरची माणसं असं करतात. मुलगी चहा टाकायला आत गेली आणि आत नळ सुरू झाला, भांडी वाजू लागली. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. गळ्याला सुती रुमाल गुंडाळलेला, मांडीवर पांढरी पाटी, हातात जाडसर पेन. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं आणि लगोलग पाटीवर लिहिलं. शिक्षिकेचं अक्षर होतं, गोल, एका रेषेत, लांबून वाचता येईल असं. 'आणलंत का?' ती बसली नाही. बसलं की बोलणं लांबतं. "नाही," ती म्हणाली. "यंत्र येईल, पण तुमचा आवाज त्यात नसेल. तुम्ही जे रेकॉर्ड केलं होतं ते पुसलं गेलं. त्यांच्याकडून नाही, त्यांचा काही दोष नाही. मी ते पॅकेज बांधते, माझ्या हातून चूक झाली. परत मिळवता येणार नाही. मी सगळं करून पाहिलं. ते गेलं." वाटेत तिने पुष्कळ जुळवाजुळव केली होती, तांत्रिक अडचण, दुर्दैवाने, आम्हाला खेद आहे, आणि त्यातलं काही तोंडी आलं नाही याचं तिला बरं वाटलं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वर्गात कुणी उत्तर देताना मध्येच अडकलं तर पुढचं येईल म्हणून थांबावं तशा. मग त्यांनी लिहिलं, 'सगळं?' आणि त्याखाली, 'कविता पण?'

कवितांचं तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की फाईली पुष्कळ होत्या, त्या माणसाने सांगितलं होतं की बाई सुट्टीभर रोज येऊन बसायच्या, ठरवून दिलेली वाक्यं संपली तरी उठायच्या नाहीत. "सगळं," ती म्हणाली. बाईंनी पाटी उलटी केली आणि खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत उभं राहून गालिचा झटकत होतं. बाईंचे खांदे हलू लागले. रडण्याला आवाज नव्हता. रुमालाखालून नुसती हवा ये-जा करत होती, चिरलेल्या पिशवीतून करावी तशी, आणि आत नळ वाहत होता, मुलगी भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती. तिने आयुष्यात पुष्कळ रडणं ऐकलं होतं, पण ऐकू न येणारं रडणं समोर उभं राहून बघावं लागलं नव्हतं. हात पुढे करावा असं तिला वाटलं, पण तो हक्क आपला नाही असंही वाटलं. ती तशीच उभी राहिली. मग बाईंनी रुमालाच्या टोकाने डोळे पुसले, पाटी सरळ केली, पुसली आणि लिहिलं, 'सांगायला आलात.' पुढे काही नाही. ते आभार होते की नुसती नोंद, ते अक्षरावरून कळत नव्हतं.

"एक उरलंय," ती म्हणाली. "एकच. अगदी लहान आहे. मी ऐकलेलं नाही." तिने फोन बाहेर काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि तो बाईंच्या समोर टेबलावर ठेवला. आधी त्या बंद खोलीतली शांतता ऐकू आली, खुर्ची करकरली. मग एक बाईमाणूस बोललं, जरा घाईत, जरा वैतागून, कामाच्या गडबडीत घरात बोलतात तसं. "चिमणे, इकडे ये बघू जरा." बस, एवढंच. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बोट फिरवून परत लाव असं खुणावलं. तिने परत लावलं. "चिमणे, इकडे ये बघू जरा." बाईंनी ठामपणे मान हलवली, पेन उचललं, आणि त्या गोल अक्षरात लिहिलं, 'ही मी नाही. माझा आवाज इतका बारीक नव्हता.' फाईलवर नाव बाईंचंच होतं, पण नाव काय, तेही चुकू शकतं, आजच्या दिवसात काहीही चुकू शकतं. आपण या बाईंना त्यांचं सोडून भलत्याच कुणाचा आवाज आणून दिला.

"आले गं आई, हात साबणाचे आहेत, थांब जरा," आतून मुलगी म्हणाली.

मग नळ बंद झाला, आणि भांड्यांचाही आवाज थांबला. मग पावलं वाजू लागली, आधी सावकाश, मग भराभर. मुलगी दारात येण्याआधी बाईंनी पाटीवरचं हाताच्या तळव्याने पुसून टाकलं.